सातच ट्राय, तरी जॅक काइल आयर्लंडचा सर्वश्रेष्ठ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू कॉलेजच्या रग्बी संघात फ्लाय-हाफला खेळतोस, म्हणजे चेंडू आला की पास, किक की धाव हे ठरवणाऱ्या जागेवर. आयरिश रग्बी युनियनने २००२ मध्ये जॅक काइलला आयर्लंडचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं हे तुझ्या वाचनात आलं, म्हणून तू त्याचे आकडे काढलेस आणि बुचकळ्यात पडलास. ४६ आंतरराष्ट्रीय सामने, ७ ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), १ ड्रॉप गोल (हातातला चेंडू टप्पा पडताच गोलखांबांमधून मारणं). एवढ्यावर सर्वश्रेष्ठ? की जुन्या माणसांनी आठवणी उगाळून उगाळून त्याला मोठं केलं?

मी स्वतः चौदा वर्षं फ्लाय-हाफला खेळलो आणि त्यानंतर वीस वर्षं मुलांना तीच जागा शिकवतोय. त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. उत्तर लांबेल, पण लांबू दे.

आधी आकड्यांचंच बघू. काइलच्या काळात ट्रायचे ३ गुण होते, आजच्यासारखे ५ नव्हते. ड्रॉप गोलचे ४ होते, तेही १९४८ मध्ये ३ वर आले. म्हणजे त्याच्या नावावर आयर्लंडसाठी एकूण २४ गुण. हल्लीचा फ्लाय-हाफ एवढे गुण एखाद्या दुपारी करून जातो. पण तो ते कसे करतो हेही बघ. पेनल्टी आणि कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक), म्हणजे चेंडू जमिनीवर ठेवून मारलेल्या किक. काइल ते काम करतच नव्हता. १९४८ च्या संघात ते काम विंगर बार्नी मलनकडे होतं, पुढे फुलबॅक जॉर्ज नॉर्टनकडे गेलं. तेव्हा गुणांच्या तक्त्यात काइल शोधणं म्हणजे यष्टिरक्षकाची किंमत त्याने घेतलेल्या विकेट्सवरून करण्यासारखं आहे.

आणि मैदान केवढं होतं ते पाहा. त्या वेळी कुठूनही चेंडू थेट टचबाहेर, म्हणजे बाजूच्या रेषेपलीकडे, मारता येत असे, त्यामुळे सामना बराचसा टचलाइनवरच चाले. लाइनआउटच्या वेळी, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रांगांमध्ये परत फेकताना, दोन्हीकडच्या बॅक्सनी (मागच्या फळीतल्या खेळाडूंनी) दहा यार्ड मागे राहायचा नियम १९६४ मध्ये आला, काइल निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी. चेंडू हातात पडेपर्यंत समोरचा फ्लँकर (फॉरवर्डच्या कडेचा, फ्लाय-हाफवर धावून येणारा खेळाडू) अंगावर आलेला असे. श्वास घ्यायला जागा नाही, चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड झालेला, बदली खेळाडू नाही. अशा वेळी फ्लाय-हाफने धावायचं ठरवलं तर दहापैकी आठ वेळा तो चिखलात आडवा. काइल धावायचा तो उरलेल्या दोन वेळा. त्या दोन वेळा कोणत्या, हे त्याला कळायचं. माझ्या मते त्याचं सगळं मोठेपण इथेच आहे.

हे समजायला तुला चिखल ठाऊक हवा. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात, त्यामुळे आपल्या मुलांना तो ठाऊक असतोच. जिमखान्याच्या मैदानावर जुलैतल्या सरावात मी नव्या मुलाला पहिल्यांदा एकच गोष्ट करायला लावतो. स्क्रम-हाफकडून (फ्लाय-हाफला चेंडू पुरवणाऱ्याकडून) ओला चेंडू घे, छातीशी कवटाळू नकोस, बोटांवर घे, आणि घेता घेता समोरच्या फ्लँकरच्या कमरेकडे बघ. डोळ्यांकडे नाही, खांद्यांकडे नाही. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. तिचा कल ज्या बाजूला, त्याच बाजूला तो येणार. कबड्डीत चांगला चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याच्या कमरेवरूनच ओळखतो की हा आता पाय धरायला झेपावणार. मुलाला हे पाहायला शिकायला एक मोसम लागतो. पाहूनही चेंडू पुढे देऊन टाकायला शिकायला तीन लागतात. कारण दिसलं की पळावंसं वाटतं.

आता काइल. जॉन विल्सन काइल, जन्म फेब्रुवारी १९२६, बेलफास्ट. शाळा बेलफास्ट रॉयल अकॅडमी, पुढे क्वीन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जे सामने झाले त्यांना कॅप (अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्याचा मान) दिली गेली नव्हती. त्यांतही तो होता. अधिकृत पदार्पण जानेवारी १९४७, डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर, फ्रान्सविरुद्ध. वय वीस.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने याच मैदानावर आयर्लंडला १६-३ असं धुतलं. निवडकर्त्यांनी संघ उलटापालटा केला आणि १ जानेवारी १९४८ ला पॅरिसजवळच्या कोलोंबला पाठवला. तिथे आयर्लंड १३-६ ने जिंकला. तरीही पुढच्या सामन्याला पॅरिसच्या सामन्यातला कर्णधार, स्क्रम-हाफ अर्नी स्ट्रॅथडी, संघाबाहेर! त्याच्या जागी ह्यू डी लेसी आला आणि कर्णधारपद हुकर कार्ल मलनकडे गेलं. (हा कार्ल मलन आणि विंगर बार्नी मलन वेगळे, नात्यातले नाहीत, मराठीत लिहिताना नावं सारखी दिसतात म्हणून सांगून ठेवतो.) शेवटच्या सामन्यात पुन्हा स्ट्रॅथडी. एका मोसमात दोन स्क्रम-हाफ. तू खेळतोस म्हणून तुला सांगायला नको, स्क्रम-हाफ बदलला की फ्लाय-हाफच्या हाताला येणारा चेंडूच बदलतो. उंची बदलते, वेग बदलतो, येण्याचा क्षण बदलतो. काइलच्या खेळात त्याने फरक पडल्याचं दिसत नाही.

ट्विकनहॅमचा सामना मात्र नीट समजून घे, कारण त्यात त्याची चूक आहे. १४ फेब्रुवारी, इंग्लंडविरुद्ध. काइलने एक ट्राय केला, आयर्लंड ११-५ ने पुढे. मग काइलचा एक पास इंग्लंडच्या डिकी गेस्टने मधल्यामध्ये उचलला, सरळ पळाला, ट्राय, वर कन्व्हर्जन. ११-१०. उरलेली मिनिटं बावीस वर्षांच्या पोराने कशी काढली असतील याचा विचार कर. अशा चुकीनंतर मी दोन प्रकारची मुलं पाहिली आहेत. एक चेंडूच मागत नाही. दुसरा प्रायश्चित्त म्हणून प्रत्येक चेंडू घेऊन एकटाच पळत सुटतो. दोघंही संघाला बुडवतात. आयर्लंड एका गुणाने जिंकला, आणि दोन आठवड्यांनी स्कॉटलंडविरुद्धच्या ६-० मध्ये दोनपैकी एक ट्राय काइलचा होता. घाबरूनही गेला नाही, पिसाळूनही गेला नाही.

शेवटचा सामना १३ मार्चला वेल्सशी, बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर, म्हणजे काइलच्या गावातच. बार्नी मलनचा ट्राय, मग वेल्सच्या ब्लेदिन विल्यम्सचा, मध्यंतराला ३-३. उत्तरार्धात प्रॉप जॅक डेलीने ट्राय केला आणि ६-३. आयर्लंडचं पहिलं ग्रँड स्लॅम (पाच देशांच्या स्पर्धेतले चारही सामने जिंकणं), शिवाय १८९९ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स तिघांनाही हरवणं). लोकांनी डेलीच्या अंगावरची जर्सी फाडून तुकडे तुकडे करून वाटून नेली. काइलने त्या दिवशी एकही गुण केला नाही. तुझ्या तक्त्यात त्या दुपारी त्याच्यापुढे शून्य.

मग तो करत काय होता? बॅक-रोसाठी, म्हणजे फॉरवर्डच्या शेवटच्या ओळीतल्या तिघांसाठी, खेळत होता. जिम मॅकार्थी, बिल मकाय आणि डेस ओब्रायन ही त्या संघाची लूज फॉरवर्डची तिकडी तुफान धावणारी होती. काइल किक अशी मारायचा की समोरच्या फुलबॅकला वळून मागे पळावं लागे, आणि तो चेंडू उचलेस्तोवर हे तिघं त्याच्यावर. नुसतं लांब मारणं सोपं असतं. चेंडू हवेत किती वेळ राहील आणि आपला माणूस तेवढ्यात कुठवर पोचेल हा हिशेब अवघड. १९४९ मध्ये स्वान्सीला ट्रिपल क्राउन ठरवणारा सामना आयर्लंडने ५-० ने जिंकला तो असाच: काइलची उंच किक, मॅकार्थी चेंडूवर, ट्राय, नॉर्टनचं कन्व्हर्जन. धावफलकावर मॅकार्थी आणि नॉर्टन. त्या वर्षी फ्रान्सकडून हार झाली होती म्हणून स्लॅम हुकलं, पण अजिंक्यपद सलग दुसऱ्यांदा आयर्लंडकडे आलं.

बचावातही तो असाच होता. विंगवरून कोणी निसटला की काइल तिरका मागे पळत कोपऱ्याच्या झेंड्याशी हजर. फ्लाय-हाफने टॅकल करायचं नसतं असं मानणारे त्या काळी पुष्कळ होते. आजही आहेत.

१९५१ चं उदाहरण तुझ्या आकड्यांच्या भाषेत देतो. कार्डिफला वेल्सविरुद्ध. समोर क्लिफ मॉर्गन, पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, आणि काइल हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श. त्या दिवशी काइलने त्याच्यासमोर ट्राय केला. कन्व्हर्जन हुकलं. वेल्सची एक पेनल्टी, ३-३ बरोबरी. बाकीचे तिन्ही सामने आयर्लंडने जिंकले होते. म्हणजे ती एक किक आत गेली असती तर चार वर्षांत दोन ग्रँड स्लॅम. त्याच वर्षी तो डॉक्टर झाला.

पण तू जर मला म्हणालास, एकच सामना सांगा, तर मी डनीडिन म्हणेन. १९५० चा लायन्सचा (ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या एकत्र संघाचा) दौरा, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. जहाजाने गेलेला हा शेवटचा लायन्स संघ. कर्णधार तोच कार्ल मलन. पहिली कसोटी कॅरिसब्रुक मैदानावर. दौऱ्यावरच्या पाहुण्यांना ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ) चिरडतात हा रिवाजच. त्या दिवशी लायन्सनी ९ गुण केले आणि तिन्ही वेळा मुळाशी काइल आहे. एक ट्राय त्याचा स्वतःचा, तो बॉब स्कॉटला चकवून, आणि स्कॉट हा त्या काळातला जगातला सर्वोत्तम फुलबॅक मानला जाई. दुसऱ्या ट्रायला त्याची किक आणि त्यामागे केन जोन्स. हा जोन्स ऑलिम्पिक धावपटू. आणि जॉन रॉबिन्सने मारलेली पेनल्टी काइलनेच मिळवून दिलेली. शेवटी न्यूझीलंडने गाठलं आणि ९-९ झालं. पुढच्या तिन्ही कसोट्या लायन्स हरले: ८-०, ६-३, ११-८. काइल दौऱ्यातल्या सहाही कसोट्या खेळला आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन्ही जिंकल्या. न्यूझीलंडच्या रग्बी वार्षिकाने त्या वर्षीच्या उत्तम खेळाडूंत त्याचं नाव घेतलं. परक्या खेळाडूला ते लोक सहजासहजी असं मान देत नाहीत.

स्कॉटला चकवण्यात नेमकं काय होतं? काइल फार वेगवान नव्हता असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शंभर यार्डांत त्याला गाठणारे असतील, पहिल्या पाच यार्डांत नव्हते. तो स्वस्थ उभा असल्यासारखा चेंडू घ्यायचा, बराच वेळ सामन्यात तो आहे की नाही असं वाटावं इतका शांत, आणि मग एका पावलात पूर्ण वेग. हुलकावणी देताना शरीर फार हलवायचा नाही. तू मोठी मोठी हुलकावणी देतोस, कारण मोबाइलवर तीच दिसते. पण बाजूला टाकलेल्या प्रत्येक पावलाला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरा फ्लँकर पोचतो. काइलची हुलकावणी वेगातल्या बदलात होती, दिशेतला बदल जेमतेम हातभर. समोरचा टॅकल करायला झेपावतो तेव्हा त्याने मनात एक अंतर धरलेलं असतं. ते अंतर चुकवलं की काम झालं.

१९५३ मध्ये रेव्हनहिलवर फ्रान्सविरुद्ध त्याने असाच एकट्याने केलेला ट्राय एवढा गाजला की डब्लिनच्या एका क्रीडापत्रकाराने त्यावर विडंबनगीत रचलं: फ्रेंच त्याला इकडे शोधतात, तिकडे शोधतात, आणि हा काही सापडत नाही. आयर्लंडमध्ये आजही ते तोंडपाठ असलेली माणसं आहेत. आयर्लंड तो सामना १६-३ ने जिंकला.

रेव्हनहिल हे नाव सारखं येतंय, तर एक गोष्ट सांगायला हवी. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली, उत्तरेचा भाग ब्रिटनमध्ये राहिला. फुटबॉलचे संघ दोन झाले, रग्बीचा मात्र एकच राहिला. त्यामुळे बेलफास्टचा काइल, कॉर्कचा मॅकार्थी आणि डब्लिनचा कार्ल मलन एकाच हिरव्या जर्सीत. पण बेलफास्टला सामना असला की ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजे, आणि ते दक्षिणेतल्या खेळाडूंना मानवणं शक्य नव्हतं. १९५४ मध्ये स्कॉटलंडच्या सामन्यावेळी हा ताण इतका वाढला की त्यानंतर आयर्लंडचा पहिला संघ रेव्हनहिलवर परतायला २००७ उजाडलं. काइलच्या कारकिर्दीची उत्तरार्धातली घरची मैदानं म्हणून डब्लिनमध्येच आहेत.

त्याचा एकुलता एक ड्रॉप गोलही तिथलाच, १९५६ मधला. वेल्स आधीचे दोन्ही सामने जिंकून लॅन्सडाउन रोडवर आले होते, ट्रिपल क्राउन घेऊन जायला. आयर्लंडने ११-३ ने हरवलं. त्यातले तीन गुण काइलच्या ड्रॉप गोलचे. दहा वर्षांत पहिल्यांदा मारला आणि तोही नेमका त्या दिवशी. त्या सामन्यातला कर्णधार नोएल हेंडरसन हा सेंटर, काइलच्या बहिणीचा नवरा. जानेवारी १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाला ९-६ ने हरवून आयर्लंडने पहिल्यांदाच दक्षिण गोलार्धातल्या पाहुण्या संघाला नमवलं, तेव्हा निर्णायक ट्राय याच हेंडरसनचा. काइल तेव्हा बत्तिशीला आला होता. १ मार्चला स्कॉटलंडविरुद्ध डब्लिनला तो शेवटचा खेळला. ४६ कॅप हा तेव्हा आयर्लंडचा विक्रम होता.

इथे कारकीर्द संपली असं तुला वाटेल. त्याला स्वतःला तसं वाटलं नसावं, कारण खरा पेशा शल्यचिकित्सेचा होता आणि रग्बी त्याने एका पैशाशिवाय खेळलं. १९६२ ते १९६४ तो इंडोनेशियात सुमात्रामध्ये होता. १९६६ मध्ये झांबियाला गेला, चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या गावी, आणि २००० पर्यंत तिथेच सर्जन होता. चौतीस वर्षं. बारा वर्षं रग्बी, त्याच्या जवळजवळ तिप्पट चिंगोला. अशा ठिकाणी सर्जनला 'हे माझं अंग नाही' म्हणायची सोय नसते. खाणीत चिरडलेला पाय येतो, अडलेली बाळंतीण येते, फुटलेलं अपेंडिक्स येतं, सगळं त्यानेच करायचं. तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी मायदेशी परतला, काउंटी डाऊनमधल्या ब्रायन्सफर्डला. आयर्लंडच्या रॉयल अकॅडमी ऑफ मेडिसिनने त्याचा गौरव केला तो याच कामासाठी. कॅपांच्या यादीसारखी चिंगोलातल्या शस्त्रक्रियांची यादी तुला कुठे मिळणार नाही.

आता तुझ्या आकड्यांकडे शेवटचं येतो, कारण एक आकडा तू घेतलाच नाहीस. १९४८ नंतर आयर्लंडला पुन्हा ग्रँड स्लॅम मिळायला किती वर्षं लागली? एकसष्ट. २१ मार्च २००९, कार्डिफ, वेल्सविरुद्ध १७-१५. शेवटच्या मिनिटांत विजयाचा ड्रॉप गोल मारणारा रोनन ओगारा हा फ्लाय-हाफच. काइल त्या रात्री स्टेडियममध्ये होता, त्र्याऐंशी वर्षांचा. कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉलने त्याला मिठी मारली तो फोटो तू पाहिला असशील. कार्ल मलन आजारी होता, तो जाऊ शकला नाही. पुढच्याच महिन्यात गेला. काइल २८ नोव्हेंबर २०१४ ला गेला.

मधल्या एकसष्ट वर्षांत आयर्लंडकडे काइलपेक्षा कितीतरी जास्त गुण करणारे फ्लाय-हाफ झाले. त्यांतले काही फार मोठे होते आणि काइलचं नाव मोठ्या आदराने घेत.

रविवारी सरावाला यायच्या आधी एक कर. मागच्या सामन्याचा व्हिडिओ लाव आणि तुझ्या हातात चेंडू आलेली प्रत्येक वेळ वहीत लिही. तीन रकाने कर: पास, किक, धाव. प्रत्येकापुढे त्या क्षणी जवळचा फ्लँकर किती पावलांवर होता ते लिही, आणि तुझ्या उजवीकडचा सेंटर मोकळा होता का ते. वही घेऊन ये. धाव या रकान्यात किती नोंदी आहेत त्या आपण दोघं मिळून बघू.